रिकाम्या खुर्चीला नमस्कार

आयुष्यात मी पुष्कळ भक्त पाहिले. देवाचे पाहिले, बुवांचे पाहिले, क्रिकेटवाल्यांचे पाहिले. पण सरकारी खात्यांचा भक्त एकच पाहिला, आणि माझं नशीब असं जोरदार की त्याच्याच घरात भाड्यानं राहिलो.

गावाचं नाव सांगणार नाही. जालना जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तालुका कळेल, तालुका कळला की बस डेपो कळेल, आणि त्या डेपोतली मंडळी अजून नोकरीत आहेत. मी मूळचा मंठ्याचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून या गावी बदली झाली, तेव्हा मोसंबीच्या बागेला लागून असलेल्या एका घरात दोन खोल्या मिळाल्या. गाव घरमालकांना आबा म्हणायचं. मी मालक म्हणायचो. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, पायजमा आणि पापडासारखी कडक टोपी. बाग मोठी, दारात जीप, पोरं पुण्याला. माणसाला वेड लागायला काही कारण नव्हतं.

पहिल्याच सकाळी मी त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि सहज म्हणालो, "मालक, घड्याळ बरंच मागं आहे."

"न्हाई. तुमचं म्होरं गेलंय."

"अहो, माझा मोबाइल आहे."

"मंग मोबाइल म्होरं गेलाय." ते शांतपणे चहा बशीत ओतत म्हणाले. "सकाळची बस सातला हाय. बस आली की सात वाजतात. टाइमटेबल सरकारनं लावलंय गुरुजी, मी न्हाई लावलं."

"पण बस उशिरा येत असेल की!"

"बस उशिरा येत नस्ती. आपण लवकर उठून राह्यलो."

तर हा असा कारभार. बसचा हॉर्न फाट्यावर वाजला की मालक स्टुलावर चढायचे आणि घड्याळाचे काटे सातवर आणायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागं एक छोटं घड्याळ लपवलं होतं. "त्यांच्या टायमानं भाकरी टाकली," त्या मला म्हणाल्या, "तर गावाचं जेवण होऊन हात वाळतात, आन् आमचा तवा अजून थंडा."

नळाचंही तेच. गावात नळ योजना आली तेव्हा समारंभात कुणीतरी 'रोज पाणी' असं माइकवर सांगितलं होतं. पाणी यायचं आठवड्यातून एखादे वेळी. पण मालक रोज सकाळी नळाखाली हंडा ठेवून तोटी उघडायचे आणि क्षणभर वाट पाहायचे. नळ फुस्स करायचा. मालक तोटी बंद करायचे, चेहऱ्यावर जरासुद्धा नाराजी नाही. पाहुणा घरी नव्हता म्हणून परत फिरलेल्या माणसासारखे बागेकडे जायचे. गाव त्यांना मागून 'सरकारचे व्याही' म्हणायचं. कट्ट्यावरून कुणीतरी ओरडायचं, "काय आबा, व्याह्यांनी पाणी धाडलं का?" मालक वळून म्हणायचे, "धाडतील की. मोठं खटलं हाय त्यांचं. आपल्या एकट्याकडं थोडंच बघायचं?"

निवडणुकीत ते एका उमेदवारासाठी उन्हातान्हात घसा फोडायचे. तो पडला की दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून जिंकलेल्याच्या दारात नारळ घेऊन हजर. लोक भडकायचे. "आबा, तुम्ही तर ह्याच्या इरुद्ध फिरत होते!"

"फिरत होतो ना. तवा तो उमेदवार होता. आता आपला सरपंच हाय."

त्यात लाचारी असती तर मी ओळखली असती. शिक्षकी पेशात ती पुष्कळ पाहायला मिळते. मालक त्या सरपंचाकडे काही मागायचे नाहीत. नारळ द्यायचे, "बराबर काम करा" म्हणायचे आणि निघायचे.

आणि आता ती खुर्ची.

तालुक्याच्या एका कचेरीत, कोणत्या ते विचारू नका, मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो, तेव्हा साहेब जागेवर नव्हते. साहेब जागेवर नसणं यात नवल काही नाही. आपण अशा वेळी काय करतो? चडफडतो, शिपायाला विचारतो, चहा पिऊन येतो. मालकांनी चपला दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली, रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला.

"नमस्कार साहेब. बागेकडच्या रस्त्यावरची मोरी फुटली हाय. बैलाचा पाय अडकतो. बघून घ्या."

मग ते थांबले. खुर्ची बोलेल म्हणून नव्हे. समोरच्यानं ऐकून घेतल्यावर त्याला विचार करायला आपण वेळ देतो, तसे थांबले. "येतो साहेब," म्हणाले आणि निघाले. मी बाहेर येऊन पोट धरून हसलो. मालकांनी मला हसू दिलं.

"मालक, खुर्ची रिकामी होती!"

"साहेब न्हवते. जागा होती."

मी ही नक्कल पुढं कित्येक महिने शाळेत करून दाखवली. हमखास टाळ्या पडायच्या. ज्या वर्षी ती नक्कल करणं मी बंद केलं, त्या वर्षाची गोष्ट आता सांगतो.

त्या वर्षी फाट्यावरून तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींसाठी सकाळची वेगळी बस सुरू झाली. मुलींना तिकीट नाही. गावात युनूसभाई नावाचे मोटारी भरणारे मिस्त्री होते. विहिरीवरची मोटार जळाली की सगळं गाव त्यांच्या दुकानात. त्यांची मुलगी नसरीन दहावीला माझ्या मते तालुक्यात सगळ्यांत हुशार पोरगी होती आणि तिच्या स्वतःच्या मते जिल्ह्यात. तिला पुढं शिकून नर्स व्हायचं होतं. युनूसभाई तयार नव्हते. रोज कुणाच्या तरी जीपमध्ये, कुणाच्या तरी गाडीवर मुलगी पाठवायची नाही, हा त्यांचा हट्ट.

मालक स्वतः त्यांच्या दुकानात गेले. मी सोबत होतो.

"युनूस, सरकारनं पोरींसाठी बस दिली हाय. पोरीला धाड."

युनूसभाईंनी तांब्याच्या तारेचा वेढा खाली ठेवला. "आबा, सरकार-फरकार को मैं नै जानता. आज दिया, कल निकाल लिया. तुमको जानता मैं. तुम बोलते क्या, बस आयेगी?"

"येईल."

"तो भेजता."

एवढाच करार. साक्षीला मी आणि एक जळालेली मोटार.

बस आली. दिवाळीपर्यंत रोज आली. म्हणजे मालकांच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर आली. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

"बंद झाली," कट्ट्यानं निकाल दिला.

"कुणी सांगितलं?" मालकांनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? येत न्हाई ना!"

"मंग बंद न्हाई झाली. बंद झाली अस्ती तर कळवलं अस्तं."

कापूस वेचणीचे दिवस होते. बस नाही म्हटल्यावर मुली एकेक करून ओढण्या डोक्याला गुंडाळून रानात जायला लागल्या. फाट्यावर राहिले दोघं. पाठीवर दप्तर घेतलेली नसरीन आणि तिच्या बाजूला कडक टोपी घातलेले मालक. रोज सकाळी उभे. मी शाळेत जाताना तो देखावा पाहायचो आणि माझी पावलं जड व्हायची.

"आबा," एकदा नसरीन म्हणाली, "बस आली नाही म्हणजे आपले सात वाजलेच नाहीत ना? म्हणजे माझा पहिला तास अजून बुडला नाही!"

"बिलकुल न्हाई," मालक म्हणाले. पण हसले नाहीत.

मग जालन्याहून तिची खाला, म्हणजे मावशी, आली. सोबत एक स्थळ घेऊन आली. मुलगा चांगला होता, दुकान होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. युनूसभाई घरी आले, उंबऱ्यातच उभे राहिले. "आबा, जुमे तक रुकता मैं. बाद में खाला को हां बोल देता. तुम्हारे पे गुस्सा नै. पन लडकी रोज रस्ते पे खडी रहती, अच्छा नै दिखता."

ते गेल्यावर मी मालकांवर अक्षरशः ओरडलो. भाडेकरूनं घरमालकावर ओरडायची आमच्या गावातली ती बहुधा पहिलीच वेळ. "दारात जीप आहे मालक! ड्रायव्हर आहे! तुमची माणसं म्हटल्यावर युनूसभाई नाही म्हणणार नाहीत. पोरीला कॉलेजला सोडा आणि विषय संपवा. तुमच्या भक्तीपायी तिचं लग्न लागायची वेळ आली!"

मालक मोसंबीच्या आळ्यात पाणी सोडत होते. फावडं टेकवून म्हणाले, "जीपनं एकटी नसरीन जाईल. कापसातल्या पोरींचं काय? आन् माझी जीप सुरू झाली ना गुरुजी, की बस कायमची गेली. डेपोत म्हणतील, त्या गावाला सोय हाय."

"आणि शुक्रवारपर्यंत बस आली नाही तर?"

त्यांनी फावडं उचललं. दुसऱ्या आळ्याचं पाणी फोडलं.

दुसऱ्या दिवशी मालक, नसरीन आणि मी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून तालुक्याला गेलो. मी रजा टाकली होती. आधी वाटलं होतं, तमाशा पाहायला मिळेल. डेपोत मॅनेजरची खोली, खोलीत एक टेबल, टेबलामागं खुर्ची, खुर्ची रिकामी. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर एक बाई होत्या.

"साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या."

मालकांनी चपला काढल्या. मी डोळे मिटून घेतले.

"नमस्कार साहेब."

"अहो आजोबा," बाई म्हणाल्या, "खुर्चीत कोणी नाही."

"बराबर हाय, बाई. साहेब मीटिंगला गेले. जागा गेली न्हाई ना मीटिंगला?" आणि ते पुन्हा खुर्चीकडे वळले. "साहेब, आमच्या फाट्यावरची पोरींची बस दिवाळीपासून आली न्हाई. पोरी कापसात चालल्या. एकीचं लगीन ठरून राह्यलं. मी तिच्या बापाला तुमच्या वतीनं शब्द दिल्ता. एवढंच सांगायचं होतं."

ते थांबले. वर पंखा बंद होता. बाईंनी तोंडाला पदर लावला, खांदे हलत होते. मालक म्हणाले, "उद्या येऊन इचारतो," आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण या वेळी स्टँडवर ताटकळलेले दोनचार प्रवासी आत डोकावले. बस नसली की माणसाला कशाचाही खेळ चालतो. मालकांचं बोलून झाल्यावर नसरीन पुढं आली. मला वाटलं, आता ही फुटणार, हसणार. तिनं ओढणी सारखी केली. "साहेब, मी अकरावीला आहे. माझे सगळे प्रॅक्टिकल राहिलेत. बाकी आबांनी सांगितलंच." आणि ती बाजूला झाली. दारातलं कुणी हसलं नाही.

मग, देवाशपथ सांगतो, दारातल्या एका म्हातारीनं काठी टेकत आत येऊन खुर्चीला हात जोडले. "साहेब, माझ्या लेकीच्या गावात गाडी थांबतच न्हाई बघा. हात केला तरी पळती." तिच्यामागून एक पागोटेवाला आला. "स्टँडवरच्या संडासाला कुलूप हाय साहेब. माणसानं जावं कुठं?" त्याच्यामागून आणखी कुणी. लाइन लागली! रिकाम्या खुर्चीसमोर लाइन! आणि ढकलाढकली नाही, शिवीगाळ नाही. खिडकीवर एकमेकांच्या उरावर बसणारे लोक इथं चपला काढून येत होते.

पण खरी गंमत कोपऱ्यात चालली होती. बाईंचं हसू थांबलं होतं. त्या अस्वस्थ झाल्या होत्या. मध्येच उठल्या, खुर्ची जरा वाकडी होती ती सरळ केली. मग फडकं आणून तिच्या हातांवरची धूळ पुसली. मग वरचा पंखा लावला. रिकाम्या खुर्चीवर पंखा! आणि शेवटी त्यांना राहवेना. "आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "साहेब विचारतील, मुली साधारण किती आहेत?"

मालकांनी उत्तर बाईंना दिलं नाही. खुर्चीला दिलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या आधीच लाइन होती. मालक आपला नंबर येईपर्यंत मुकाट्यानं उभे राहिले. त्यांचा नंबर आला, ते बोलायला लागले, आणि तेवढ्यात हातात हेल्मेट घेतलेला, धुळीनं माखलेला एक तरुण माणूस दारातून घाईघाईनं आत शिरायला लागला. काठीवाल्या म्हातारीनं त्याला अडवलं.

"लाइनीत ये, भाऊ. साहेबाशी बोलणं चालू हाय."

तो खरोखर लाइनीत उभा राहिला! क्षणभरच, पण राहिला. मग कोपऱ्यातल्या बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब!"

सगळी खोली वळली. मालकही वळले. त्यांनी त्याला नमस्कार केला, खुर्चीला करत होते तेवढाच. तसूभर जास्त नाही, तसूभर कमी नाही.

"बसा साहेब. तुमच्या जागेशीच बोलून राह्यलो होतो."

तो लगेच बसला नाही. आपल्याच खुर्चीकडे पाहत राहिला. त्यात कुणी वडीलधारं बसलंय आणि आपण त्यांना उठवायचं कसं, अशा नजरेनं. पंखा फिरत होता. मग तो अगदी कडेवर टेकला. मला वाटलं, हा आता खेकसणार. तो म्हणाला, "आजोबा, दोन गाड्या बिघडल्या. ड्रायव्हर कमी आहेत. तुमची गाडी दुसऱ्या मार्गाला लावली."

"अडचण हाय, ते बराबर," मालक म्हणाले. "मंग कळवायचं साहेब. आम्ही रोज फाट्यावर उभे हावोत."

"रोज?"

"बंद झाल्याचं कुणी सांगितलं न्हाई ना."

त्यानं नसरीनकडं पाहिलं, तिच्या पाठीवरच्या दप्तराकडं पाहिलं. "कळवायला हवं होतं," म्हणाला. मग टेबलावरच्या काचेकडं पाहून, "उद्या सकाळी येईल."

"येईल?"

"येईल."

मी कानात कुजबुजलो, "मालक, लेखी घ्या!" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "साहेब बोललेत," ते म्हणाले आणि चपला पायात सरकवल्या.

परतीच्या जीपची वाट पाहत आम्ही झाडाखाली उभे होतो. नसरीन पाणी प्यायला गेली होती. मालकांनी टोपी काढली.

"भ्याव वाटून राह्यलं, गुरुजी."

या माणसाला भीती?

"तुम्हाला काय वाटलं, मला दिसत न्हाई? घड्याळ मागं हाय, नळ कोरडा हाय, खुर्ची रिकामी हाय, समदं दिसतं. गाव हसतं ते बी ऐकू येतं. पण 'येणारच न्हाई' म्हणून आपण घरी बसलो, की सरकारनं लाजायचं कुणाला? कुणीतरी उभं पाह्यजे फाट्यावर." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "आजवर माझ्या एकट्याचं व्हतं. नळ न्हाई आला, बागेच्या विहिरीवरून आणलं. ह्या वेळी पोर लावली मी पणाला. उद्या न्हाई आली गाडी, तर युनूसला कोणत्या तोंडानं बोलू?"

इतके दिवस मी ज्याला भोळा समजून नकला करत होतो, तो माणूस सगळं ठाऊक असून, रोज सकाळी, सगळ्या गावादेखत, तोटी उघडत होता. झाडाखाली उभ्या उभ्या मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. शिक्षक माणूस, चारचौघांत लाजतो.

शुक्रवारी सकाळी फाट्यावर जत्रा. कट्टाच्या कट्टा उठून आलेला. आक्कासुद्धा आल्या होत्या, कमरेला स्वयंपाकघरातलं घड्याळ खोचून. युनूसभाई हाताची घडी घालून बाजूला उभे. माझ्या मोबाइलात सात वाजले, सात वाजून गेले. रस्ता मोकळा.

"आबा, व्याही रुसले वाटतं!"

या वेळी मालक वळले नाहीत. ते रस्त्याकडं पाहत होते आणि नसरीन त्यांच्याकडं. युनूसभाईंनी घसा साफ केला. "आबा..." त्यांनी सुरुवात केली, आणि आवाजात इतकी माया होती की मी मान खाली घातली.

तेव्हा हॉर्न वाजला.

वळणावरून ती आली. जुनी, खडखडत, एका बाजूला कललेली, आणि मी आजवर पाहिलेली सगळ्यांत देखणी गाडी! कट्टा गपगार. आक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि मग रानाकडं तोंड करून खच्चून हाक मारली, "अगं पोरींनो, कापूस टाका! बस आली!" दोन मुली ओढणीला लागलेल्या कापसासकट धावत आल्या. नसरीन चढली. कंडक्टर दोरी ओढणार एवढ्यात युनूसभाईंनी हात वर केला.

"रुको. मैं बी आता." मालकांकडं वळून म्हणाले, "देखके आता, किदर तक जाती."

दिवसभर गावाला दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी बस परत आली. मुली बडबडत उतरल्या आणि सगळ्यांत शेवटी युनूसभाई उतरले. दुकान बंद ठेवून दिवसभर कॉलेजच्या फाटकाबाहेर बसून होते. मालक पुढं झाले.

"काय युनूस, कशी काय हाय बस?"

युनूसभाईंचा चेहरा चांगलाच तापलेला. "आबा, ये क्या बस है? पिछे की सीट फटेली. खिडकी बंद नै होती, लडकियों को ठंडी लगती. इंजन की आवाज सुने क्या? ऐसा नै चलेगा. कल से रोज जाना है इनको." त्यांनी बोट रोखलं. "ये किसको बोलने का? मेरेको बताओ. मैं खुद बोलता."

मालकांनी त्यांच्याकडं पाहिलं. आयुष्यभर सरकारला नै जाननेवाला हा माणूस सरकारवर हक्कानं चिडला होता. मालकांचा ओठ हलला, टोपी हलली, आणि मग ते असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या संध्याकाळी ते गावभर फिरले. कट्ट्यावर गेले, सरपंचाकडे गेले, माझ्या खोलीत दोनदा आले. घरी नातू झाल्यासारखे भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "ऐकलं का? युनूस इचारून राह्यला, किसको बोलने का!"